हप्ता आपला, हिशेबाची वही कंपनीची!

आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात पत्र्याची एक पेटी हमखास सापडेल. तिच्यात रेशनकार्ड असते, जातीचा दाखला असतो, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले असतात आणि त्याच कागदांत घडी घालून ठेवलेली विम्याची पॉलिसी असते. कोणी पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरतो, कोणाचा पगारातून कापला जातो. वर्षानुवर्षे हप्ता जातो, पण ती पॉलिसी वाचतो कोण? घरातला कर्ता माणूस गेला की मग पेटी उघडते. त्या वेळी माउलीच्या हातात कागद असतो आणि समोर कचेरीची खिडकी असते. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, “क्लेम बसत नाही.” माउली कपाळाला हात लावते आणि म्हणते, आमचे नशीब!

वाचकहो, ते खरेच नशीब असते काय? एका घराला क्लेम नाकारला तर ते नशीब वाटते. पण त्याच वस्तीतल्या शंभर घरांना नाकारला आणि शेजारच्या सोसायटीतल्या शंभर घरांना मंजूर झाला, हे कागदावर दिसले तर? मग ते नशीब राहत नाही, तो अन्याय ठरतो. अडचण एवढीच की शंभर घरांचा हिशेब माउलीजवळ नसतो, तो कंपनीच्या वहीत असतो. ती वही सरकारने मागवावी काय, आणि मागवली तर जनतेला दाखवावी काय, हा वरकरणी रुक्ष प्रश्न आहे. पण त्याच प्रश्नावर अमेरिकेत दीडशे वर्षांहून अधिक काळ झगडा चालला आहे. त्या झगड्यात सर्वांत जास्त सोसले ते तिथल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी. म्हणून ही हकीकत आपल्या घरात वाचली जावी असे आम्हांस वाटते.

लिलावात उभे म्हातारे

अमेरिकेत विम्यावर देखरेख करण्याचे काम मुख्यतः केंद्र सरकारकडे नाही, ते राज्यांकडे आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने १८५१ सालीच विमा कंपन्यांवर सरकारी आयुक्त नेमले होते. १९४५ च्या कायद्याने केंद्रानेही ही जबाबदारी राज्यांचीच असल्याचे मान्य केले. प्रत्येक राज्याचे स्वतंत्र विमा खाते असते आणि त्यावर एक विमा आयुक्त असतो. काही राज्यांत त्याची नेमणूक होते, तर काही राज्यांत लोक मते देऊन त्याला निवडतात.

या आयुक्तांत ज्याचे नाव पहिल्याने घ्यावे असा माणूस म्हणजे एलिझर राइट. हे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक होते आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेचे ते चिटणीस होते. १८४४ साली ते लंडनला गेले असता तिथल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये त्यांनी एक विलक्षण प्रकार पाहिला. आयुष्यभर हप्ते भरलेले म्हातारे लोक तिथे उभे होते. आता हप्ता भरायची ऐपत उरली नव्हती आणि भरलेले पैसे परत द्यायला कंपनी बांधील नव्हती. म्हणून ते आपल्या पॉलिसीचा लिलाव करीत होते. सटोडिये म्हाताऱ्याची तब्येत न्याहाळीत आणि हा किती दिवस जगेल याचा अंदाज घेऊन बोली लावीत. म्हातारा जितका लवकर मरेल तितका घेणाऱ्याचा फायदा! राइट यांना आपल्या देशातल्या गुलामांच्या बाजाराची आठवण झाली.

मायदेशी परतल्यावर हा माणूस विम्याच्या गणितामागे लागला. हप्त्याचा अमुक भाग कंपनीने बाजूला राखलाच पाहिजे, नाहीतर पुढे वारसांना देणार कुठून, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले. १८५८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात तसा कायदा झाला आणि राइट विमा आयुक्त झाले. त्यांनी कंपन्यांकडून पॉलिसींचा तपशील मागवला, प्रत्येकीमागे किती राखीव निधी हवा याचा हिशेब केला आणि दरवर्षीच्या अहवालात तो छापून जाहीर केला. कोणती कंपनी भक्कम आहे आणि कोणती पोकळ आहे, हे सामान्य माणसालाही कळू लागले. १८६१ साली त्यांच्या प्रयत्नाने आणखी एक कायदा झाला. हप्ता चुकला म्हणून माणसाचे भरलेले सारे पैसे कंपनीला गिळता येऊ नयेत, हा त्याचा गाभा. पुढे १८८० साली त्या राज्यात पॉलिसी सोडताना रोख रक्कम परत देणे कायद्यानेच भाग पडले. आज आपण ज्याला सरेंडर व्हॅल्यू म्हणतो, तिच्यामागे त्या लिलावातल्या म्हाताऱ्यांचे दुःख आहे.

कंपन्यांना असा आयुक्त कसा परवडावा? राइट यांचे पद गेले, पण एक गोष्ट ते शिकवून गेले. कंपनीचा हिशेब सरकारने पाहणे पुरेसे नाही, तो छापला गेला पाहिजे.

तीन सेंटचा हप्ता, कमी मोलाचे मरण

१८७५ साली न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात प्रुडेन्शियल ही कंपनी निघाली. तिचा धंदा गरिबांत होता. एजंट दर आठवड्याला कामगारांच्या दारावर यायचा आणि तीन, पाच किंवा दहा सेंट गोळा करून वहीत खूण करायचा. मेल्यावर मिळणारी रक्कम थोडी असे, बहुतेक मयताच्या खर्चापुरतीच. पण आपले शेवटचे कार्य दुसऱ्याच्या भिकेवर होऊ नये, ही गरिबाची इच्छा असते. ती इच्छा आपण ओळखतो, कारण आपल्याकडे मयतासाठी वर्गणी काढण्याची पाळी किती घरांवर आली आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

१८८१ साली या कंपनीने नियम केला. हप्ता गोऱ्याचा आणि काळ्याचा सारखाच, पण मेल्यावर काळ्याच्या वारसांना एकतृतीयांश रक्कम कमी! इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. काळे लोक लवकर मरतात, हे आकडे सांगतात, असे कारण देण्यात आले. ते लवकर का मरतात, त्यांना कोंदट खोल्यांत कोणी ठेवले, दवाखान्याचे दार त्यांना कोणी बंद केले, हे मात्र कोणी विचारले नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात ज्युलियस चॅपेल हे कृष्णवर्णीय सभासद होते. त्यांनी याविरुद्ध विधेयक आणले आणि १८८४ साली वर्णावरून हप्त्यात किंवा रकमेत भेद करण्यास बंदी घालणारा कायदा त्या राज्यात झाला. पुढील दहा वर्षांत कनेटिकट, ओहायो, न्यूयॉर्क, मिशिगन आणि न्यू जर्सी या राज्यांनीही तसे कायदे केले. तेव्हा कंपन्यांनी दुसरी वाट शोधली. काळ्यांच्या दाराशी एजंट पाठवणेच बंद केले, किंवा काळ्याचा विमा उतरवला तर एजंटाला कमिशन नाकारले. दार बंद केले की भेदभावाची तक्रार तरी कशी करणार?

१८९६ साली प्रुडेन्शियलचा आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. काळ्यांचा वंशच मुळात दुबळा आहे, तो खालावत जाऊन नष्ट होणार, असा त्याचा निष्कर्ष होता. आकड्यांचे डोंगर रचल्यामुळे तो भल्याभल्यांना शास्त्र वाटला. केली मिलर आणि डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या दोन कृष्णवर्णीय विद्वानांनी पुढच्याच वर्षी त्या ग्रंथाची चिरफाड केली. आकडे दारिद्र्याचे आहेत आणि दोष रक्ताला दिला जात आहे, हे त्यांनी दाखवले. याच ड्युबॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. आपला आणि त्यांचा धागा असा जुना आहे.

वही उघडली ती शंभर वर्षांनी

कायदे झाले तरी सर्व राज्यांत झाले नव्हते. दक्षिणेत, जिथे काळ्यांची वस्ती मोठी होती, तिथे दारावरचा आठवड्याचा विमा जोरात चालला. काळ्यांसाठी हप्त्याचे निराळे कोष्टक होते आणि त्यात दर जास्त होते. १९६० नंतरच्या दशकात नागरी हक्कांचे कायदे आले तेव्हा कंपन्यांनी नव्या पॉलिसींसाठी ही कोष्टके मोडीत काढली. पण जुन्या पॉलिसींचे काय? त्यांवर जुनाच जास्तीचा हप्ता गोळा होत राहिला. कायद्याच्या पुस्तकातून भेदभाव गेला, पण एजंटाच्या वहीत तो तसाच राहिला.

२००० साली फ्लोरिडा आणि इतर राज्यांच्या विमा खात्यांनी कंपन्यांची दप्तरे तपासली तेव्हा हे उघड झाले. अमेरिकन जनरल या कंपनीने त्या वर्षी २० कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या कंपन्यांना जुनी कोष्टके काढून दाखवायला लावली. २००२ साली मेटलाइफ कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या विमा खात्याशी सुमारे १६ कोटी डॉलरची तडजोड केली. या छोट्या पॉलिसी घेणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांनी पॉलिसीच्या रकमेपेक्षा जास्त हप्ते भरलेले होते. आपण शेजारच्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त भरतो आहोत, हे त्या म्हातारीला घरबसल्या कसे कळणार होते? तिच्याजवळ फक्त आपलीच पावती होती. दोन्ही पावत्या एकाच टेबलावर ठेवण्याची ताकद फक्त सरकारी खात्याजवळ होती आणि ते खाते अनेक दशके गप्प बसले.

त्याच सुमारास आणखी जुनी वही उघडली. डेड्रिया फार्मर-पेलमन या कायद्याच्या अभ्यासक बाईने शोधून काढले की गुलामगिरीच्या काळात विमा कंपन्या गुलामांच्या जिवाचा विमा उतरवीत. विमा गुलामाचा, पण तो मेल्यावर पैसे मालकाला! बैल मेला तर जशी भरपाई, तशीच माणूस मेला तर. २००० साली एटना कंपनीने याबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की राज्यात धंदा करणाऱ्या विमा कंपन्यांनी आपली जुनी दप्तरे धुंडाळावीत आणि अशा पॉलिसी सापडल्यास विमा आयुक्तांना कळवाव्यात. २००२ साली आयुक्तांनी ती यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सहाशेहून अधिक गुलामांची आणि चारशेहून अधिक मालकांची नावे होती.

कोणी म्हणेल, एवढ्या जुन्या नावांचा काय उपयोग? ज्यांच्या आजा-पणजाची नावे सरकारी दप्तरात फक्त “महार अमुक” अशी सापडतात, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. जाहीर झालेले नाव म्हणजे हा माणूस होता याची कबुली होय.

लाल रेघ आणि पिनकोड

नंतरच्या काळात वर्णाचे नाव न घेता तेच काम करण्याची युक्ती निघाली. नकाशावर लाल रेघ मारायची. रेघेच्या आतल्या वस्तीत घराचा विमा द्यायचा नाही किंवा मोटारीचा हप्ता वाढवून मागायचा. आम्ही माणसाचा रंग पाहतच नाही, फक्त पत्ता पाहतो, असे म्हणायला कंपनी मोकळी! पत्त्यावरून जात ओळखणे काय असते, हे आम्ही आपल्या वाचकांना सांगावे असे नाही.

हे सिद्ध करायचे तर वस्तीवार आकडे हवेत, म्हणजे कुठल्या पिनकोडमध्ये किती पॉलिसी दिल्या, किती हप्ता घेतला, किती दावे भरले याचे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ साली या वहीलाच हात घातला. नागरिकांनी सह्या गोळा करून “प्रस्ताव १०३” नावाचा कायदा थेट मतदानाला टाकला. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी त्याला पाठिंबा दिला. विमा कंपन्यांनी आपल्या बाजूच्या प्रचारावर सहा कोटींहून अधिक डॉलर ओतले. तरीही सुमारे ५१ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्यानुसार विमा आयुक्त लोकांनी निवडायचा ठरले. मोटार आणि घराच्या विम्याचा दर वाढवण्यापूर्वी कंपनीने परवानगी मागायची, आणि वाढ ७ टक्क्यांहून जास्त असेल आणि नागरिकांनी मागणी केली तर जाहीर सुनावणी घ्यायची. सर्वांत महत्त्वाचे कलम असे की या कायद्याखाली कंपनीने आयुक्ताला दिलेली माहिती जनतेला पाहण्यास खुली राहील. पुढे ग्राहकांना शंभर कोटींहून अधिक डॉलर परत मिळाले.

कंपन्या कोर्टात गेल्या. पिनकोडवार आकडे हे आमच्या धंद्याचे गुपित आहे, ते उघड झाले तर प्रतिस्पर्धी फायदा घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद अगदीच फोल आहे असे आम्ही म्हणत नाही. दुकानदार आपला खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला सांगत नाही, हे खरे. परंतु विमा म्हणजे भाजी नव्हे. आज पैसे घ्यायचे आणि वीस वर्षांनी वचन पाळायचे असा तो व्यवहार आहे. गिऱ्हाईक माल उलटून पाहू शकत नाही, आणि ज्या दिवशी मालाची परीक्षा होते त्या दिवशी आयुर्विमा घेणारा जिवंत नसतो. २००४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेट फार्म कंपनीच्या दाव्यात निकाल दिला की मतदारांनी केलेल्या कायद्यापुढे धंद्याच्या गुपिताची सबब चालणार नाही. आकडे खुले झाले.

उघड्या वहीचा उपयोग काय होतो, हे २०१७ साली दिसले. प्रोपब्लिका आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स या दोन संस्थांच्या पत्रकारांनी मोटार विम्याचा अभ्यास केला. त्यासाठी कंपन्यांनी कुठल्या पिनकोडमध्ये किती भरपाई दिली हे आकडे हवे होते. ते त्यांना पन्नासपैकी फक्त चार राज्यांतून मिळाले: कॅलिफोर्निया, इलिनॉय, मिसूरी आणि टेक्सास. त्यांतून निघाले ते असे. अपघाताची जोखीम सारखीच असताना अल्पसंख्याकांच्या वस्तीतल्या सुरक्षित चालकाकडून गोऱ्या वस्तीपेक्षा जास्त हप्ता घेतला जात होता. काही कंपन्यांत हा फरक सरासरी ३० टक्क्यांपर्यंत होता. इलिनॉयमध्ये तपासलेल्या ३४ कंपन्यांपैकी ३३ कंपन्या अशा वस्त्यांत सरासरी किमान १० टक्के जास्त घेत होत्या. कंपन्यांच्या संघटनेने हा अभ्यास चुकीचा ठरवला. वाद जरूर व्हावा. पण वाद घालायला तरी आकडे हवेत ना? उरलेल्या राज्यांत तेवढीही सोय नव्हती.

या बाबतीत राज्यांच्या विमा आयुक्तांची राष्ट्रीय संघटना अर्ध्या वाटेवर उभी आहे. १८७१ साली स्थापन झालेली ही संघटना कंपन्यांकडून दरवर्षी बाजारातील वर्तनाचे पत्रक मागवते. किती दावे आले, किती नाकारले, किती दिवसांत पैसे दिले, असा त्यात तपशील असतो. परंतु कंपनीगणिक आकडे गुप्त ठेवले जातात. लोकांना मिळते ती राज्यातल्या सर्व कंपन्यांची मिळून सरासरी. सरासरीच्या पदराखाली वाईट कंपनी लपते आणि चांगल्या कंपनीलाही तिचे श्रेय मिळत नाही. ग्राहकांचे प्रतिनिधी कंपनीवार आकडे मागत आले आहेत.

मेलेला माणूस, दोन नजरा

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो प्रत्येक घराला लागू आहे. अमेरिकेत सरकारकडे मृत व्यक्तींची यादी असते. काही विमा कंपन्या ही यादी नियमाने तपासत. कशासाठी? तर ज्यांना दरमहा पेन्शनवजा रक्कम द्यायची ते मेले असतील तर ती रक्कम तत्काळ थांबवता यावी म्हणून. पण ज्यांचा जीवनविमा होता ते मेले काय, हे मात्र त्याच यादीत पाहिले जात नव्हते. वारसाने पॉलिसीची चौकशी केली नाही तर पैसे कंपनीतच पडून राहात. म्हणजे पैसे वाचवायचे तेव्हा मेलेला दिसतो आणि द्यायचे तेव्हा दिसत नाही! राज्यांच्या विमा खात्यांनी २०११ सालापासून जाहीर सुनावण्या घेतल्या आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना लोकांसमोर प्रश्न विचारले. मोठमोठ्या कंपन्यांना तडजोडी कराव्या लागल्या. २०१२ साली एका मेटलाइफचीच तडजोड सुमारे ५० कोटी डॉलरची होती. अनेक राज्यांनी मृतांची यादी तपासणे कंपन्यांवर बंधनकारक केले. २०१६ साली आयुक्तांच्या संघटनेने हरवलेली पॉलिसी शोधून देण्याची मोफत सोय सुरू केली.

आता आपल्या पेटीकडे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा दारावरच्या या विम्याचा अमेरिकेत सुकाळ होता. पुढे १९४७ साली त्यांनी “स्टेट्स अँड मायनॉरिटीज” या निवेदनात मागणी केली की विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात जीवनविमा घेणे राज्याने सक्तीचे करावे. गरिबाच्या घामाचा पैसा कोणाच्या हाती असावा आणि तो कोणाला जबाबदार असावा, हा त्यामागचा विचार होता. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ झाले. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले आणि पुढे खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आता धंदा अनेकांच्या हाती आहे. म्हणून वही उघडी असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहे.

आपल्याकडे जी दारे उघडी आहेत त्यांचा तरी उपयोग आपण करतो काय? आम्ही वाचकांना, विशेषतः माता-भगिनींना आणि शिकलेल्या मुलामुलींना, पुढील गोष्टी आवर्जून सांगतो.

पहिली गोष्ट. विमा नियामक प्राधिकरण दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करते. त्यात कोणत्या कंपनीने मृत्यूचे किती दावे भरले आणि किती नाकारले हे कंपनीवार दिलेले असते. पॉलिसी घेण्यापूर्वी ते कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून मोबाईलवर काढून घ्या. पाहताना दाव्यांची संख्या आणि रक्कम दोन्ही पाहा. नव्व्याण्णव लहान दावे भरले आणि एक मोठा नाकारला तरी संख्येत कंपनी झकास दिसते.

दुसरी गोष्ट. न मागितलेल्या रकमा शोधण्याची सोय कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. घरात कोणी वारले असेल आणि पॉलिसी होती असा संशय असेल तर नाव आणि जन्मतारीख घालून पाहा. दहा वर्षे कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. त्यानंतरही ठरावीक मुदतीत ती मागता येते, पण तितके थांबायचे कशाला?

तिसरी गोष्ट. आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्या खरेपणावर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम ४५ सांगते. अर्जात आजार लपवला होता असे म्हणून जुन्या पॉलिसीचा क्लेम कोणी नाकारला तर हे कलम दाखवा.

चौथी गोष्ट. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र वर्षभराच्या आत गेले पाहिजे. आयुर्विमा महामंडळाला माहितीचा अधिकारही लागू आहे.

पाचवी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. आपला अनुभव एकट्याच्या पेटीत ठेवू नका. महिला मंडळात, युवक मंडळात, विहाराच्या सभेत एक साधी वही ठेवा. कोणाचा क्लेम कधी केला, किती दिवसांनी मिळाला, नाकारला तर कारण काय दिले, एवढेच तीत लिहा. दोन वर्षांत त्या वहीत काय दिसते ते पाहा. अमेरिकेतल्या म्हातारीजवळ फक्त आपली एक पावती होती, म्हणून तिला आयुष्यभर कळले नाही. शंभर पावत्या एकत्र झाल्या असत्या तर इतकी वर्षे लागली नसती.

एलिझर राइट यांनी लिलावातले म्हातारे पाहिले आणि आकड्यांचे पुस्तक छापले. चॅपेल यांनी विधिमंडळात उभे राहून कायदा करवला. कॅलिफोर्नियाच्या नागरिकांनी मते देऊन वही उघडवली. यांपैकी कोणीही नशिबावर हवाला ठेवून बसले नाही. आज संध्याकाळी आपणही एवढे करू या. पत्र्याची पेटी उघडून पॉलिसी बाहेर काढू, तिच्यावर वारसाचे नाव बरोबर आहे ना हे पाहू आणि ती घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवू.